डब्यावर छाप आहे, पण बाजारातला माल पुन्हा कोण तपासतं?

स्वावलंबीनगरकर

टेलिकॉमची वस्तू विकायची तर आधी सर्टिफिकेट, हे आता दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ओएनटी म्हणजे फायबर इंटरनेटचा घरातला डबा, वायफाय राउटर, त्यांचे अ‍ॅडॅप्टर, पॉवर बँक, मोबाइल. कशावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) असतो, कशावर दूरसंचारवाल्या टीईसीची खूण. मला विचारायचंय ते त्यापुढचं आहे. छाप मिळाली, माल बाजारात आला, दोन-तीन वर्षं विकला गेला. एवढ्या काळात कुणी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानातून तोच डबा विकत घेऊन पुन्हा लॅबमध्ये नेला का?

मी नागपुरात नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीची कामं करतो. उन्हाळा लागला की अ‍ॅडॅप्टर गेल्याचे फोन वाढतात. मानेवाडा भागात एका घरी १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर वितळून सॉकेटला चिकटला होता. मूळचा बिघडला म्हणून लोकल माणसाने बदलून दिलेला. घरी आणून उघडला. आत मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूला फिल्टरची कॉइल बसवायला जागा आहे, सर्किटच्या पट्टीवर तिचं चिन्हसुद्धा छापलंय, पण कॉइलच्या जागी दोन तारेचे तुकडे डाकलेले. शेजारी एक्स कपॅसिटरची भोकं रिकामी. मेन्सची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये पट्टीवर पाच-सहा मिलिमीटर मोकळं अंतर पाहिजे, तिथे जेमतेम दोन. म्हणजे हे डिझाइन कधीकाळी पूर्ण होतं. कुणीतरी मागाहून एकेक भाग काढून टाकला.

लेबलवर आर-नंबर होता. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर नंबर खरा निघाला, पण नोंदणी एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरची, आयएस १५८८५ खाली. अ‍ॅडॅप्टरवर आयएस १३२५२ असायला पाहिजे, किंवा नव्या लेबलांवर आयएस/आयईसी ६२३६८. ज्याने हे लेबल छापलं त्याला खात्री होती की हा नंबर कुणी तपासून पाहणार नाही.

सर्टिफिकेट एका नमुन्याला मिळतं, जो कंपनीने स्वतः निवडून लॅबला पाठवलेला असतो. आपल्या घरी येतो तो डबा नंतर कधीतरी बनलेला. या दोघांमधला फरक शोधायचा एकच रस्ता आहे, बाजारातून माल उचलणं. आणि नेमकं तेच काम सगळ्यात कमी होताना दिसतं. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी लिहावं.

---

वऱ्हाडी_ठेचा

माह्या घरी पण असंच झालं भाऊ. राउटरचा अ‍ॅडॅप्टर टीव्हीच्या कपाटात होता, आतून प्लायवूड काळं पडलं. केबलवाला म्हणे व्होल्टेज वाढलं असंन. आम्ही पण मान डोलावली. लेबल वाचायचं काही डोक्यातच आलं नाही.

---

मनीषनगरची_ताई

दादा, मी शाळेत शिकवते, मला यातलं तांत्रिक कळत नाही. साधा प्रश्न. घरातल्या चार्जरचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा नंबर खरा की उसना हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? नंबर अ‍ॅपमध्ये सापडला म्हणजे झालं असंच मी समजत होते.

---

स्वावलंबीनगरकर

ताई, नंबर सापडणं ही पहिली पायरी. अ‍ॅपमध्ये कम्पल्सरी रजिस्ट्रेशनचा आर-नंबर तपासायचा पर्याय आहे. आर, आडवी रेघ आणि त्यापुढे आठ अंक. नंबर टाकला की नोंदणी कुणाची, कारखाना कुठला, वस्तू कोणती, ब्रँड कोणता, मॉडेल कोणती, नोंदणी चालू आहे की संपली, हे दिसतं. त्यातली वस्तू आणि मॉडेल तुमच्या हातातल्या लेबलशी ताडून बघा. ब्रँड जुळतो पण मॉडेल यादीत नाही, असं झालं तरी शंका घ्यायची. लेबलावर मॉडेल नंबरच नसेल तर ती वस्तू घेऊच नका.

मोबाइलसाठी वेगळं आहे. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढायचा, मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर, आणि १४४२२ वर एसएमएस. हीच सोय सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पण आहे. जुना फोन घेताना तर पैसे देण्याआधी दुकानात उभं राहूनच हे करायचं. आयएमईआयशी छेडछाड हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मोठा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

---

सेमिनरी_हिल्स_निवृत्त

दूरसंचार खात्यात नोकरी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्याकडे एकच सर्टिफिकेट नाही, तीन वेगवेगळ्या खिडक्या आहेत. लोक त्या एकत्र करतात आणि मग तक्रार चुकीच्या दारात जाते.

पहिली बीआयएसची सक्तीची नोंदणी. आदेश २०१२ चा, अंमल २०१३ पासून, मग २०२१ मध्ये नवा आदेश. अ‍ॅडॅप्टर, बॅटरी, पॉवर बँक, मोबाइल वगैरे यात येतात. इथे मुख्यतः सुरक्षितता पाहतात, म्हणजे शॉक, आग, तापणं. आयएसआय मार्क देताना बीआयएसचा माणूस आधी कारखाना बघून येतो. या नोंदणीत तसं नाही. लॅबचा रिपोर्ट आणि कंपनीचं स्वतःचं घोषणापत्र यावर नोंदणी मिळते. दारातली तपासणी हलकी ठेवली, ती नंतर बाजारात कडक तपासणी होईल या भरवशावर. त्यामुळे ही योजना उभीच आहे ती नंतरच्या पाळतीवर.

दुसरी टीईसीची, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची. इंडियन टेलिग्राफ नियमांत २०१७ च्या सप्टेंबरात दुरुस्ती झाली आणि टेलिकॉम उपकरणांची चाचणी सक्तीची झाली. पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून : मॉडेम, कॉर्डलेस फोन, पीएबीएक्स, फॅक्स अशी उपकरणं. दुसरा १ ऑक्टोबर २०२० पासून, त्यात तुमच्या घरचा फायबरचा ओएनटी येतो. पुढच्या टप्प्यांत यादी बरीच लांबली. मोबाइल, स्मार्टवॉच, स्मार्ट कॅमेरा यांना यातून सूट आहे, कारण ते आधीच बीआयएसकडे नोंदलेले. टीईसीकडे सुरक्षिततेबरोबर विद्युतचुंबकीय त्रास आणि तांत्रिक निकषही तपासतात. सायबर सुरक्षेची बाजू बंगळुरूच्या एनसीसीएसकडे, म्हणजे राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राकडे आहे.

तिसरी डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची ईटीए, रेडिओ उपकरणाला मिळणारी मंजुरी. वायफाय, ब्लूटूथ असं लायसन्समुक्त पट्ट्यात चालणारं काहीही असलं की ही लागते. बहुतेक वेळा तीही स्वघोषणेवर मिळते.

एकाच राउटरच्या डब्यात तिन्ही खिडक्यांचे कागद असू शकतात. अ‍ॅडॅप्टर बीआयएसचा, राउटर टीईसीचा, आतला रेडिओ डब्ल्यूपीसीचा. आता यातलं काही बिघडलं तर नमुना कुणी उचलायचा? अधिकार सगळ्यांना आहेत. नमुना मागवणं, पुन्हा चाचणी, नोंदणी थांबवणं, रद्द करणं, हे सगळं कागदावर आहे. हे सहजतेने व्हायला हवं, पण प्रत्येक खिडकीला वाटतं की हे बाजूच्या खिडकीचं काम आहे.

---

ईएमसी_लॅबवाला

पुण्यात एका चाचणी प्रयोगशाळेत आहे, मूळ गाव उमरेड. स्वावलंबीनगरकर यांनी जे वर्णन केलंय ते आम्ही नेहमी पाहतो. ज्या कॉइलच्या जागी तारा होत्या ती कॉमन मोड चोक. तिचं काम अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या स्विचिंगचा विद्युत गोंगाट घराच्या वायरिंगमध्ये जाऊ न देणं. एक्स कपॅसिटरचं कामही तेच. दोन्ही काढले तरी अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्ट देतोच, लाइट लागतो, राउटर चालतो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायला सगळ्यात आधी हेच भाग जातात.

आमच्या धंद्यात लॅबला पाठवलेल्या खास नमुन्याला गोल्डन सॅम्पल म्हणतात. तो वेगळ्या हाताने, निवडक भाग घालून बनवलेला असतो. लॅब प्रामाणिक असली तरी तिच्यासमोर जे येईल तेच ती मोजणार. रिपोर्टसोबत सीडीएफ, म्हणजे बांधणीच्या तपशिलाचा फॉर्म, आणि महत्त्वाच्या भागांची यादी जोडलेली असते : ट्रान्सफॉर्मर कुणाचा, ऑप्टोकपलर कुठला, फ्यूज कोणता, पट्टीवरची अंतरं किती. बाजारातून नमुना आणला की लाखो रुपयांचं यंत्र लागण्याआधी हे एवढं काम टेबलावर होतं. डबा उघडा, यादी समोर ठेवा, एकेक भाग जुळवा. दहापैकी चार गोष्टी तिथेच उघड्या पडतात. मग ज्यात शंका आली तेवढ्याच चाचण्या करा.

नमुना कसा उचलता याला फार महत्त्व आहे. कंपनीला पत्र लिहून दोन नग मागवले तर पुन्हा गोल्डन सॅम्पलच येणार. दुकानातून किंवा ऑनलाइन, साध्या गिऱ्हाइकासारखं, बिल घेऊन विकत घ्यायला पाहिजे. सील करायचा, एक प्रत राखून ठेवायची म्हणजे कंपनीने निकालाला आव्हान दिलं तर दुसऱ्या लॅबमध्ये तपासता येतो. खर्च नोंदणीदाराने द्यायचा ही तरतूद आपल्याकडे आहेच.

बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या वतीने सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना त्यांनी पास केलेल्या उपकरणांपैकी किमान ५ टक्के पुन्हा तपासावी लागतात. म्हणजे ज्याने पास केलं त्याच्यावरच जबाबदारी. आणि फ्रान्सचं तर सगळ्यांना आठवत असेल. तिथली एएनएफआर ही संस्था दुकानातून फोन विकत घेऊन मोजते. २०२३ मध्ये त्यांनी १४१ फोन घेतले, त्यात आयफोन १२ मधून शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा हातापायांच्या मोजणीत ५.७४ वॅट प्रति किलो निघाली, मर्यादा ४. फोन बाजारात येऊन तीन वर्षं होत आली होती. विक्री थांबवायला सांगितली, मग अ‍ॅपलने सॉफ्टवेअर अपडेट देऊन आकडा खाली आणला. त्यांनी कागद पाहून समाधान मानलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

---

मोदीनंबरतीन

मी बर्डीवर दुकान चालवतो, अ‍ॅक्सेसरीज आणि रिपेरिंग. तुम्ही सगळे बरोबर लिहून राहिले, पण आमची बाजू पण ऐका.

आम्हाला माल ठोकवाल्याकडून मिळते. त्याला मुंबई नाहीतर दिल्लीहून. डब्यावर नंबर असते, बिल असते. धाड पडली तर दुकान माझं सील होणार, पेपरात फोटो माझा. ज्याने कारखान्यातून कॉइल काढली तो कुठे दिसतच नाही. कायद्यात विकणारा पण धरला आहे, पहिल्या वेळी २ लाखांच्या खाली दंड नाही, अन् तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. माझं अख्खं दुकान त्यात जाईल.

चांगल्या कंपनीचा अ‍ॅडॅप्टर ३५० ला, हा १२० ला. गिऱ्हाईक येते अन् म्हणते भाऊ स्वस्तातला द्या. मी ३५० चाच ठेवला तर ते शेजारी जाते. बाजारातून नमुना उचला, जरूर उचला, माझ्याच दुकानातून उचला. पण निकाल आला की धागा वरपर्यंत न्या. मला फक्त एक पाहिजे : कोणता मॉडेल नापास झाला याची यादी उघड लावा. मी त्याच दिवशी तो माल ठोकवाल्याला परत करीन. आज मला नापास मॉडेलची यादी कुठे सापडत नाही.

---

स्वावलंबीनगरकर

मोदीनंबरतीन भाऊ, तुमची शेवटची मागणी सगळ्यात मोलाची वाटली. २०१६ च्या बीआयएस कायद्यात माल निकषाला उतरला नाही तर विक्री थांबवायला आणि बाजारातला माल परत घ्यायला सांगण्याची तरतूद आहे, ग्राहकाला भरपाईची पण आहे. पण परत बोलावलेल्या मालाचं नाव गावातल्या दुकानदारापर्यंत पोचलं नाही तर तो परत येणार कसा? दुकानदार हा शत्रू धरून ही व्यवस्था चालणार नाही. तोच सगळ्यात आधी डबा हातात घेतो.

---

सरळ_हिशोब

मला हे सगळं पुन्हा इन्स्पेक्टर राजकडे जाताना दिसतं. आधीच तीन खिडक्या, त्यात बाजारात फिरणारे अधिकारी. हप्ते वाढतील, वस्तू महाग होतील. ज्याला चांगलं हवं त्याने नामांकित ब्रँड घ्यावा. बाजार आपोआप निवडतो.

---

सेन्सर_जोडणी

सरळ_हिशोब, मी दुसऱ्या टोकाला आहे म्हणून उत्तर देतो. आम्ही चार जण मिळून शेतासाठी मोटार चालू-बंद करणारं सिमवालं उपकरण बनवतो, हिंगण्याला छोटी जागा आहे. सर्टिफिकेटवर आमचे वर्षभराचे पैसे आणि वेळ गेला. एखाद्या भागाचा पुरवठादार बदलायचा म्हटलं तरी आधी विचार करावा लागतो की चाचणी पुन्हा लागेल का. तो सगळा खर्च आमच्या किमतीत बसला आहे.

शेजारी तसंच दिसणारं, कुठलीच नोंदणी नसलेलं उपकरण निम्म्या भावात विकलं जातं. बाजार निवडतो म्हणता, तर तो काय बघून निवडणार? गिऱ्हाइकाला आतली पट्टी दिसत नाही, किंमत दिसते. दारावर कडक आणि बाजारात ढिलं असलं की नियम पाळणाराच फक्त पैसे भरतो. माझं तर म्हणणं आहे की दारातली कागदपत्रं कमी करा, फी कमी करा, आणि वाचलेली सगळी ताकद बाजारातले नमुने उचलण्यात घाला. आमचं उपकरण उद्या कृषी सेवा केंद्रातून उचललं तर आम्हाला आनंदच होईल.

हप्त्याच्या भीतीबद्दल : नमुना कुणी, कुठून, कधी घेतला आणि निकाल काय, हे उघड लागलं तर हप्त्याला जागा उरत नाही. लपवाछपवी असली की ती उरते.

---

सरळ_हिशोब

दारात हलकं आणि बाजारात कडक, हे असेल तर मला मान्य आहे. माझा विरोध दोन्हीकडे अडवण्याला आहे.

---

शॉर्टवेव्ह_वैदर्भीय

अ‍ॅडॅप्टरच्या गोंगाटाबद्दल एक घरगुती चाचणी सांगतो, लॅबवाल्यांनी दुरुस्त करावी. बाबांकडे जुना ट्रान्झिस्टर आहे. मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला आकाशवाणी नागपूर लावायचं, किंवा स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा, आणि संशयित अ‍ॅडॅप्टर त्याच बोर्डावर लावायचा. घरघर एकदम वाढली आणि काढल्याबरोबर गेली, तर फिल्टर गायब आहे असं धरून चाला. चांगल्या अ‍ॅडॅप्टरने आवाज जवळजवळ बदलत नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांचे राउटर आणि एलईडी लागले की रेडिओ लावणं अवघड झालंय. ज्या शेजाऱ्याने अ‍ॅडॅप्टर घेतला त्याला काहीच कळत नाही, त्रास दुसऱ्याच्या घरात होतो. अशा बाबतीत गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट बघून चालणारच नाही, कुणीतरी स्वतःहून मोजलं पाहिजे.

दुसरा मुद्दा वॉकीटॉकीचा. लग्नाचे हॉल, सिक्युरिटीवाले, पेंचकडे जाणारे गट, सगळ्यांकडे ऑनलाइन मागवलेले सेट दिसतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय चालतात, पण अनेकदा हातात असतो तो कुठलीही फ्रिक्वेन्सी घालता येणारा मोठ्या ताकदीचा सेट. पोलीस किंवा रुग्णवाहिकेच्या संपर्कात त्याने अडथळा येऊ शकतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीच्या मंचांना नोटिसा दिल्या आणि नंतर वॉकीटॉकीसारख्या रेडिओ उपकरणांच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचनाही काढल्या : फ्रिक्वेन्सी कोणती, लायसन्स लागतं का, ईटीए आहे का, हे विक्रीच्या पानावर लिहिणं आलं. मला हे पाऊल फार आवडलं, कारण बाजार आता बर्डीपेक्षा मोबाइलच्या पडद्यावर जास्त भरतो आणि पाळत तिथेही पाहिजे.

---

ईएमसी_लॅबवाला

ट्रान्झिस्टरची चाचणी तत्त्वाने बरोबर आहे. तारेवरच्या गोंगाटाची आमची मोजणी १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ असते, मीडियम वेव्ह त्याच्या आतच येतो. आकडा मिळणार नाही, पण दोन अ‍ॅडॅप्टरमधला फरक कान सांगतो.

एक राहिलं. पाळत म्हणजे फक्त डबा उघडणं असं आता राहिलेलं नाही. राउटर घरी आल्यावर सॉफ्टवेअर बदलतं. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर राउटरने आधी ऐकायचं असतं की इथे रडार चालू आहे का, आणि असेल तर तिथून उठायचं. ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये हवामानाची रडार चालतात. अमेरिकेत विमानतळांच्या हवामान रडारना अशाच वायरलेस उपकरणांनी त्रास दिला होता. लॅबमध्ये तपासलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे ऐकणं चालू असतं. मग सेटिंगमध्ये कुणीतरी देश बदलतो, किंवा नवीन अपडेटमध्ये ती अट निघून जाते. २०१६ मध्ये टीपी-लिंकने एफसीसीशी २ लाख डॉलरवर तडजोड केली, कारण त्यांच्या काही राउटरमध्ये ग्राहकाला देशाचा कोड बदलून मंजुरीपेक्षा जास्त ताकद वापरता येत होती. डबा तोच, छाप तीच, वागणं वेगळं. त्यामुळे नमुना घेताना बाजारातला नग चालू अपडेटसकट तपासायला पाहिजे.

---

सेन्सर_जोडणी

यात आमची अडचण समजून घ्या. सुरक्षेचं भोक बुजवायला अपडेट लगेच द्यावा लागतो. प्रत्येक अपडेटला सर्टिफिकेट पुन्हा मागितलं तर कुणी अपडेटच देणार नाही, आणि ते जास्त धोक्याचं. रेडिओची ताकद, चॅनल, देश, या गोष्टी बदलल्या तरच कळवायचं, बाकी मोकळं, आणि खरं बोलतो की नाही ते बाजारातून नग उचलून बघायचं. एवढं स्पष्ट लिहून मिळालं तरी आम्हाला पुरे.

---

स्वावलंबीनगरकर

आता नागपूरचं बोलतो, कारण हे कुठल्याच फॉर्मवर दिसत नाही. अ‍ॅडॅप्टर किती तापतो ही चाचणी कंपनीने जाहीर केलेल्या कमाल तापमानाला धरून होते. बऱ्याच अ‍ॅडॅप्टरवर ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, बंद लाकडी पेटीत, किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये किती होत असेल ते हात घालूनच कळतं. तिथे पूर्ण भाग असलेला चांगला अ‍ॅडॅप्टरसुद्धा ताणावर असतो. भाग काढलेला तर जळणारच.

म्हणून मला वाटतं की नमुने उचलायचे तर सगळे दिल्ली-मुंबईच्या दुकानांतून उचलून भागणार नाही. विदर्भातून उचला, आणि एप्रिल-मेमध्ये उचला. दोन उन्हाळे काढलेला वापरलेला नगही तपासा, कपॅसिटर फुगलेत का, प्लास्टिक ठिसूळ झालंय का. नवीन डबा पास होतो आणि वर्षाने तोच आग लावतो, हे फक्त वापरलेल्या नगातून कळेल.

---

मनीषनगरची_ताई

तुम्ही सगळ्यांनी इतकं समजावून सांगितलंत, आता घरातले सगळे अ‍ॅडॅप्टर काढून लेबल वाचले. एकावर मॉडेल नंबर नाही, एकावर आर-नंबर आहे पण अ‍ॅपमध्ये ‘मुदत संपली’ दिसतं. विकत घेतला तेव्हा चालू होता की नाही हे कसं कळणार? आणि तक्रार कुठे करायची, ते एकदा नीट क्रमाने सांगाल का?

---

सेमिनरी_हिल्स_निवृत्त

ताई, सुरुवातीची नोंदणी २ वर्षांची असते, मग नूतनीकरण. त्यामुळे आज मुदत संपलेली दिसली म्हणून तो माल खोटा होता असं लगेच म्हणता येत नाही. लेबलावर बनवल्याचा महिना-वर्ष असतो, तो नोंदणीच्या काळात बसतो का ते बघा. मॉडेल नंबर नसलेला मात्र बाजूला काढा, वापरू नका.

तक्रार बीआयएस केअर अ‍ॅपमधूनच करता येते, मार्कच्या गैरवापराची आणि मालाच्या दर्जाची अशा दोन्ही तक्रारी तिथे घेतात. नागपुरात बीआयएसचं शाखा कार्यालय आहे, तिथे लेखीही देता येते. दुकानदार किंवा ऑनलाइन कंपनी पैसे परत करत नसेल तर १९१५, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नुकसान मोठं असेल, आग लागली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ओएनटी किंवा राउटरबद्दल, म्हणजे अ‍ॅडॅप्टर सोडून मूळ उपकरणाबद्दल शंका असेल तर टीईसीकडे लिहा आणि सर्टिफिकेट नंबर द्या.

वस्तू फेकू नका. जळालेला अ‍ॅडॅप्टर हाच पुरावा आहे. लेबलचा फोटो, बिल, सॉकेटचा फोटो, आणि वस्तू पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

---

वऱ्हाडी_ठेचा

बिल नसंन तर काय करायचं काका? केबलवाल्याने अ‍ॅडॅप्टर दिला तेव्हा नुसते दीडशे घेतले, कागद काही दिला नाही.

---

सेमिनरी_हिल्स_निवृत्त

यूपीआयने दिले असतील तर तो व्यवहार चालतो, त्यात तारीख आणि नाव दोन्ही असतं. रोख दिले असतील तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा निरोप टाका : अमुक तारखेला तुम्ही बसवलेला अ‍ॅडॅप्टर जळाला, फोटो जोडला आहे. त्याने जे उत्तर दिलं ते जपून ठेवा. बीआयएसकडे मार्कच्या गैरवापराची तक्रार करायला मात्र बिल नसलं तरी लेबलचा स्पष्ट फोटो आणि ठिकाण पुरतं, त्यामुळे ती तर आजच करा.

---

मोदीनंबरतीन

वऱ्हाडी_ठेचा भाऊ, तो जळालेला अ‍ॅडॅप्टर घेऊन दुकानात या. तसाच माल माझ्याकडे आला असंन तर ठोकवाल्याचं बिल मी काढून देतो. स्वावलंबीनगरकरांनी पण त्यांच्यावाल्याचा फोटो इथे टाकावा. दोन्ही लेबलं सारखी निघाली तर एकत्रच तक्रार देऊ, माझं नाव पण त्यात घाला.

---

स्वावलंबीनगरकर

फोटो रात्री टाकतो, लेबल आणि उघडलेली पट्टी दोन्ही. शनिवारी दुपारी मी बर्डीलाच आहे, ठेचा भाऊ तुम्ही तेव्हा या.